एआर-व्ही७ : गोळी चालणार नाही हे कळलं, पण किमो चालेल हे कुठे कळलं?

बायोमार्करवरचा पेपर हातात आला की सगळ्यात आधी एक प्रश्न विचारत जा: हा मार्कर रुग्णाबद्दल सांगतोय की औषधाबद्दल? प्रश्न सोपा वाटतो, पण चांगल्या जर्नल्समधले पेपरही इथे घसरतात. आज त्यासाठी प्रगत प्रोस्टेट कॅन्सरमधला एआर-व्ही७ घेऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी. टेस्टोस्टेरॉन दाबूनही आजार वाढायला लागला की डॉक्टरांसमोर मुख्यतः दोन वाटा असतात. एक म्हणजे एन्झालुटामाइड किंवा अबिराटेरोनच्या गोळ्या. या अँड्रोजेन रिसेप्टरचा मार्ग अडवतात. दुसरी म्हणजे डोसेटॅक्सेल किंवा कॅबाझिटॅक्सेल, म्हणजे टॅक्सेन गटातली किमो. या टप्प्यावर हिशोब महिन्यांचा असतो. ज्या टॅक्स ३२७ चाचणीमुळे २००४ मध्ये डोसेटॅक्सेल रूढ झालं, तिच्यात दर तीन आठवड्यांनी डोसेटॅक्सेल घेणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान १८.९ महिने होतं आणि जुन्या मायटोझॅन्ट्रोनवर १६.५. तेव्हा चुकीच्या औषधावर तीन महिने घालवणं ही किरकोळ गोष्ट नाही. रक्ताच्या एका नमुन्यावरून वाट ठरणार असेल तर कोणाला नको?

एआर-व्ही७ हा त्याच रिसेप्टरचा आखूड अवतार. संप्रेरक जिथे बसतं तो भागच त्याला नसतो, तरी तो कायम चालू असतो. एन्झालुटामाइड नेमकं त्याच भागाला धरतं. धरायला जागाच नाही म्हटल्यावर औषध काय करणार?

२०१४ चा जॉन्स हॉपकिन्सचा पेपर याच कल्पनेवर आहे. रक्तात फिरणाऱ्या कॅन्सर पेशींमध्ये एआर-व्ही७ शोधलं. एन्झालुटामाइडवरच्या ३१ पैकी १२ जण पॉझिटिव्ह, अबिराटेरोनवरच्या ३१ पैकी ६. या अठरापैकी एकाचाही पीएसए निम्म्याने उतरला नाही. निगेटिव्ह रुग्णांत मात्र तो अनुक्रमे ५३ आणि ६८ टक्के जणांचा उतरला. निकाल जबरदस्त आहे, वादच नाही. फक्त १२ पैकी शून्य म्हणजे ‘कधीच नाही’ असं वाचू नका. त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा, वरचं टोक २६ टक्क्यांच्या आसपास येतं. ६ पैकी शून्यचं तर ४६. कागद-पेन घ्या आणि स्वतः करून बघा, दोन ओळींचं गणित आहे.

खरी गंमत पुढच्या वर्षी आहे. त्याच गटाने टॅक्सेन घेणारे ३७ रुग्ण तपासले. १७ पॉझिटिव्ह, त्यांत ७ जणांचा पीएसए निम्म्याने उतरला, म्हणजे ४१ टक्के. २० निगेटिव्ह, त्यांत १३, म्हणजे ६५ टक्के. पी ०.१९. यावरून निघालेला अर्थ असा, की एआर-व्ही७ असलं तरी किमो चालते.

थांबा जरा. ४१ आणि ६५ यांत २४ टक्क्यांचं अंतर आहे. ३७ माणसांत ते सांख्यिकीच्या कसोटीला उतरलं नाही, एवढंच त्या पी व्हॅल्यूने सांगितलं. ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. व्हायव्हात पहिला प्रश्न यावरच येतो, आणि यायलाच हवा.

पण लेखकांचा मुख्य आधार दुसरा आहे: पॉझिटिव्ह रुग्णांत टॅक्सेनवर ४१ टक्के, गोळ्यांवर शून्य, आणि मार्कर व औषध यांच्यातलं इंटरॅक्शनही ठळक. प्रश्न बरोबर विचारलाय, हे श्रेय द्यायलाच हवं. रुग्णाचं पुढे काय होणार एवढंच सांगणारा मार्कर प्रोग्नॉस्टिक. कोणतं औषध त्याला जास्त फायद्याचं ते सांगणारा प्रेडिक्टिव्ह. दुसऱ्यासाठी चार रकाने लागतात, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह गुणिले गोळी-किमो, आणि माणसं त्या रकान्यांत चिठ्ठी टाकून पडायला लागतात. इथे गोळीवाले एका अभ्यासातले, किमोवाले दुसऱ्या. कोणाला काय द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवलेलं.

२०१८ मध्ये पेशीकेंद्रकातलं एआर-व्ही७ प्रथिन बघणाऱ्या चाचणीचा १४२ रुग्णांवरचा अभ्यास आला. पॉझिटिव्ह, जास्त जोखमीच्या रुग्णांत टॅक्सेनवर १४.३ महिने, गोळ्यांवर ७.३. दुप्पट! पण हॅझार्ड रेशो ०.६२ चा इंटरव्हल ०.२८ ते १.३९. म्हणजे किमोने खूप फायदा ते थोडा तोटा, सगळं त्यात बसतं. सारांशात मात्र निकाल टॅक्सेनच्या बाजूने मांडलाय. म्हणून सांगते, सारांश वाचून जर्नल क्लबला जाऊ नका.

जीवशास्त्राचा आधार घ्यावा, तर तोही दोन्हीकडे झुकतो. टॅक्सेन पेशीतल्या सूक्ष्मनलिका गोठवतात. अँड्रोजेन रिसेप्टर केंद्रकात जाताना याच नलिकांची वाट वापरतो, त्यामुळे टॅक्सेन ती वाटही अडवतं. पण २०१४ मध्येच पेशी आणि उंदरांमधल्या गाठींवरच्या एका कामात दिसलं, की एआर-व्ही७ ला या नलिकांची गरज नाही आणि तो असताना टॅक्सेनचा परिणाम कमी होतो. म्हणजे उलटा निकाल आला असता तरी चर्चेच्या भागात लिहायला यंत्रणा तयारच होती. ‘यंत्रणा पटते’ हा पुरावा किती स्वस्त असतो, ते इथे बघा.

अजून एक खाच. एआर-व्ही७ सापडायला रक्तात कॅन्सर पेशी सापडाव्या लागतात, आणि त्या जास्त म्हणजे बहुधा आजारही जास्त. २०१७ मध्ये हॉपकिन्सच्याच २०२ रुग्णांचे तीन गट केले, तेव्हा गोळ्यांवर सगळ्यात बरे राहिले ते पेशीच न सापडलेले ५३ जण. मग मार्कर मोजतोय काय, प्रतिकार की आजाराचा पसारा? थोडं दोन्ही. प्रॉफेसी अभ्यासात ११८ रुग्णांवर दोन चाचण्या शेजारी ठेवल्या, तर त्या ८२ टक्के वेळा जुळल्या. पण बहुतेक जण निगेटिव्ह असले की असा आकडा आपोआप चांगला दिसतो, कप्पा मागा.

पीएसएबद्दलही सावध. टॅक्स ३२७ मध्ये दर आठवड्याला डोसेटॅक्सेल घेणाऱ्यांत पीएसए उतरण्याचं प्रमाण ४८ टक्के होतं, तीन आठवड्यांच्या गटाच्या ४५ पेक्षा जास्तच. आयुर्मानातला फायदा मात्र त्या गटात सिद्ध झाला नाही.

मग रुग्ण निवडायचे कशावर? २०१९ ची कार्ड चाचणी बघा. २५५ रुग्ण, सगळ्यांना आधी डोसेटॅक्सेल मिळालेलं आणि एका गोळीवर १२ महिन्यांच्या आत आजार वाढलेला. चिठ्ठी टाकून एकाला कॅबाझिटॅक्सेल, दुसऱ्याला दुसरी गोळी. स्कॅनवर आजार वाढेपर्यंतचा काळ ८.० विरुद्ध ३.७ महिने, आयुर्मान १३.६ विरुद्ध ११.०. निवडीचा निकष फाइलमध्येच लिहिलेला होता! एआर-व्ही७ ची महागडी चाचणी या फुकटच्या माहितीत किती भर घालते, तेच तपासायला हवं.

ते तपासणं अवघड करून ठेवलंय ते पहिल्या पेपरच्या यशानेच. अठरापैकी शून्य वाचल्यावर कोणता पॉझिटिव्ह रुग्ण चिठ्ठीत गोळी स्वीकारेल, आणि कोणती एथिक्स कमिटी परवानगी देईल? एक वाट आहे: कार्डसारख्या चाचणीत सगळ्यांची चिठ्ठी आधी टाकायची, रक्त साठवायचं, मार्कर नंतर मोजायचा. पीएचडीचा प्रस्ताव लिहीत असाल तर पहिल्याच पानावर ते चार रकाने काढा आणि प्रत्येकात तुमच्याकडे किती माणसं असतील ते लिहा. एआर-व्ही७ साठी हा तक्ता मी भरून पाहिलाय. ‘पॉझिटिव्ह, गोळी’ या रकान्यात पेन थांबतं.