गिरणीची जागा आणि माणसाची जागा

दहावीच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक प्रश्न हमखास भेटतो : मुंबईत कापडगिरण्या का केंद्रित झाल्या? उत्तरही ठरलेले असते. दमट हवा, बंदर, कापसाचा मुलूख, व्यापाऱ्यांचे भांडवल आणि स्वस्त मजूर. पाच मुद्दे, पाच गुण. मुख्याध्यापक झाल्यावरही दहावीचा भूगोल मी सोडलेला नाही. त्यामुळे गेली जवळजवळ तीस वर्षे हे गुण मी निमूटपणे देत आलो आहे. यंदा मात्र जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक पुन्हा वाचनात आले आणि ‘स्वस्त मजूर’ या पाचव्या मुद्द्यापाशी लाल पेन अडले. हे दोन शब्द लिहून आपण नेमके काय टाळतो, याचा शोध म्हणजे प्रस्तुत लेख.

प्रथम पाठ्यपुस्तकी उत्तर पाहू. ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि दोन वर्षांनी ती चालू झाली. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ मध्येच धावली होती. यंत्रे विलायतेतून बंदरात उतरत आणि कापसाचा व्यापार हाताशी होता. हे सारे खरेच आहे. परंतु दमट हवेचा मुद्दा घ्या. दमट हवेत धागा कमी तुटतो, हे शास्त्रशुद्ध. मग कोरड्या हवेच्या अहमदाबादेत १८६१ पासून गिरण्या कशा चालल्या? सोलापूरला कोठली समुद्राची हवा? आमच्या बेळगाव जिल्ह्यात गोकाकच्या धबधब्याशेजारी गिरणी उभी राहिली ती पाण्याच्या शक्तीसाठी. तात्पर्य, हवा कृत्रिम रीतीने दमट करता येते आणि भांडवलही दूरवरून आणता येते. मात्र माणूस कोठून आला आणि कोणाच्या जिवावर आला, हे वेगळे विचारावे लागते.

उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा पहिला पद्धतशीर सिद्धांत आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये मांडला. त्याच्या मते वाहतुकीचा खर्च जेथे किमान, तेथे कारखाना. पण मजूर पुरेसे स्वस्त असतील तर वाहतुकीचा जादा खर्च सोसूनही कारखाना त्यांच्याकडे सरकतो. मांडणी सुबक आहे, तथापि तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे. मजूर एका जागी स्थिर आहेत आणि ठरल्या मजुरीला हवे तितके मिळतात, असे वेबर धरून चालतो. मुंबईत नेमके उलट घडले. गिरणी जागेवर राहिली आणि माणूस सरकला. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरून आणि आमच्या सीमाभागातूनही तो गेला. तोही अर्धाच गेला. बायको, म्हातारी आईबाप आणि चार खाचरे गावात राहिली. तो आजारी पडला, त्याला कामावरून कमी केले, तो म्हातारा झाला, तर त्याला सांभाळायला गाव होते. मजूर स्वस्त होता तो या कारणाने. त्याच्या मजुरीतली तूट गावाकडची बाई शेतात राबून भरून काढीत होती.

हे मी केवळ पुस्तकातून सांगत नाही. माझे थोरले चुलते अशाच एका गिरणीत साचेखात्यात होते. लालबागेत गावच्या मंडळाची एक खोली होती. दहा बाय बाराच्या त्या जागेत पाळीपाळीने वीस-बावीस गडी झोपत आणि जेवण खानावळीत. प्रत्येकाची एक ट्रंक, हेच त्याचे घर. चुलती गावी. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला की आमच्या घरात साखरेचा चहा होई. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी सातवीत होतो. होळीला काका ट्रंकेसह घरी आले. ‘दोन महिन्यांत मिटंल’ म्हणाले. ती ट्रंक पुन्हा एस.टी.च्या टपावर चढली नाही. संप मिटला असे कोणी रीतसर जाहीर केले नाही आणि काकांनीही आपली नोकरी संपली असे कधी म्हटले नाही.

मराठी साहित्याने हा प्रदेश पाहिलाच नाही असे नव्हे. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी १९३३ सालची. अण्णा भाऊ साठे यांची मुंबईची लावणी तर मला भूविनियोगाचा नकाशाच वाटते. बर्जेसने १९२५ मध्ये शिकागोवरून शहराची एकात एक वलये आखली. मध्ये बाजार, त्याभोवती पडकी वस्ती, मग कामगार, आणि श्रीमंत बाहेरच्या कडेला. अण्णा भाऊंनी मुंबईची खरी विभागणी वलयांत न पाहता उंचसखलात पाहिली. मलबार हिल वर आणि परळ खाली! वारा आणि समुद्र ज्याला परवडतो तो उंचावर राहतो, हे त्यांना कोणत्याही प्रारूपाविना कळले होते. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मध्ये हीच कामगारवस्ती माणूस घडवणारी शाळा होते. या सर्वांच्या लेखनात गिरणी चालू आहे. शोषण आहे, पण पायाखाली जमीन आहे.

१९९७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘अधांतर’मध्ये ती जमीनच सरकली आहे. गिरणी कामगाराच्या माघारी उरलेली आई, तिची वाढलेली मुले आणि चाळीतली एक खोली. एका मुलाला लेखक व्हायचे आहे, दुसऱ्याला क्रिकेटच्या वेडाने घेरले आहे, तिसरा गुंडगिरीच्या वाटेला लागला आहे. हे नाटक संपाची कैफियत मांडत बसत नाही, हे त्याचे पहिले मोठेपण. धंदा गेल्यावर वस्तीचे काय होते, हा प्रश्न ते विचारते. भूगोलात कारखाना येण्याची कारणे शिकवतात. तो गेल्यावर मागे राहिलेल्या माणसांचे प्रकरण आमच्या पुस्तकात नाही. ते पवारांनी लिहिले. घरातली भांडणे स्वभावातून उद्भवल्यासारखी वाटतात, पण ती स्वभावातून आलेली नाहीत. ज्या कामाने या माणसांना एकत्र आणून त्या खोलीत बसवले, ते काम नाहीसे झाले आहे आणि खोली तेवढी उरली आहे. शीर्षकाचा अन्वयार्थ येथे आहे.

नाटकापाठोपाठ वास्तवानेही आपला अंक पुरा केला. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर, तीही शहराच्या ऐन मध्यभागी. कापडापेक्षा कापडाखालची जमीन महाग झाली. १९९१ च्या विकास नियमावलीत त्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी, असा विचार होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती आक्रसली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पवारांच्या पुढच्या कथासंग्रहाचे नाव ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’. त्याला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फिनिक्स हे लोअर परळच्या एका गिरणीचे नाव आहे आणि आज त्या जागी मॉल आहे. कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ मध्ये बदलापूरच्याही पुढे, शेलू-वांगणीला घरे देण्याचा पर्याय समोर आला. ज्यांच्या श्रमाने परळ वसले, त्यांच्यासाठी परळमध्ये जागा नाही.

तरीही ‘अधांतर’ची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. नाटक चाळीच्या खोलीत राहते. गाव रंगमंचावर येत नाही. एका खोलीच्या नाटकाकडून दोन मुलखांची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल, हे मान्य. म्हणून हा मी नाटककाराचा दोष मानीत नाही. दोष आपल्या वर्गवारीचा आहे. पाठ्यपुस्तकात ‘ग्रामीण वसाहती’ आणि ‘नागरी वसाहती’ अशी दोन प्रकरणे असतात. समीक्षेतही ग्रामीण साहित्य एका कप्प्यात आणि महानगरी साहित्य दुसऱ्या. गिरणगाव मात्र दोन ठिकाणी मांडलेला एकच संसार होता. त्याचा एक पाय लालबागेत, दुसरा गावच्या खाचरात. साहित्याने पहिला पाय मनापासून पाहिला. परत आलेल्या ट्रंका, बंद झालेल्या मनिऑर्डरी आणि पुन्हा घरात वावरू लागलेल्या अनोळखी नवऱ्याशी जुळवून घेणाऱ्या बायका, ही दुसरी बाजू माझ्या वाचनात फार थोडी आली.

ती लिहिण्याचा हक्क आणि जबाबदारी आपल्या बाजूच्या लेखकांची आहे. मुंबई आपल्यासाठी केवळ सीमालढ्यातल्या घोषणेत नव्हती. ती प्रत्येक चौथ्या घरातल्या पत्राच्या पत्त्यावर होती. ती पत्रे लिहिणारे आता एकेक करून जात आहेत. इकडे आमच्या गावाभोवतीच्या भाताच्या खाचरांत प्लॉटचे दगड उभे राहू लागले आहेत. पिकापेक्षा पिकाखालची जमीन महाग होण्याचा तोच खेळ येथेही सुरू झाला आहे. ‘अधांतर’ आपण परक्या शहराची गोष्ट म्हणून वाचले, तर हे लक्षात यायला उशीर होईल.

परवा वर्गात तोच प्रश्न घेतला. पाच मुद्दे फळ्यावर लिहून झाल्यावर मुलांना म्हटले, पाचव्याचे उत्तर घरी विचारून आणा. मजूर स्वस्त का होता? दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘सर, आजी म्हणाली, मी हितं होते म्हणून.’

पुस्तकात हे उत्तर नाही. मी तिला पाचपैकी पाच गुण दिले.