शंभर गुणांचा शब्द

ती स्लाइड तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असणार. वागळे इस्टेटमधली कुठलीही कंपनी घ्या, ट्रेनिंगच्या दिवशी ती येतेच. ए म्हणजे १, बी म्हणजे २, असं करत झेड म्हणजे २६. मग 'हार्डवर्क'ची बेरीज ९८, 'नॉलेज'ची ९६ आणि 'ॲटिट्यूड'ची बरोब्बर १००. टाळ्या! आज या स्लाइडकडे आपण एक मजकूर म्हणून बघू.

बेरजा बरोबर आहेत, ते आधी मान्य करू. प्रश्न आहे शब्द कुणी निवडले याचा. हाताने शोधणारा माणूस हवा तो शब्द सापडला की थांबतो. प्रोग्रॅम थांबत नाही. इंग्रजी शब्दांची एक यादी द्यायची, प्रत्येक शब्दाच्या अक्षरांची बेरीज करायची, शंभर आली तर छापायचं. पायथनमध्ये चार-पाच ओळींचं काम. मग काय येतं बघा. 'डिसिप्लिन' येतो, 'एक्सलंट' येतो, ट्रेनर खूश. पण त्यांच्याच रांगेत 'टेलिफोन', 'प्रिंटर', 'हॉस्पिटल' आणि 'वेन्सडे'. 'स्ट्रेस' पण शंभर. आणि 'यूसलेस'सुद्धा शंभरपैकी शंभर!

असं का होतं? आठ-नऊ अक्षरी इंग्रजी शब्दांच्या पुष्कळ बेरजा शंभरच्या आसपासच पडतात. ९८ आणि १०० मधला फरक म्हणजे एखादं अक्षर इकडचं तिकडे. शिवाय 'हार्ड वर्क' हे खरं तर दोन शब्द, स्लाइडने ते चिकटवलेत. 'हार्ड' एकटा ३१.

मला खटकतो तो 'स्किल'. पाच अक्षरं, ६३ गुण. इथल्या आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलेल्या, लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला हॉलमध्ये बसवून सांगायचं की तुझं कौशल्य त्रेसष्टच, उरलेलं वृत्तीचं. पगाराचं काय, हा प्रश्न मग कोण विचारणार? विचारला तर वृत्ती वाईट ठरते ना! ('सॅलरी' ७६ आहे, सहज सांगतो. 'वागळे' आणि 'ठाणे' दोघंही ४८. त्यातून कुणी काही काढू नका.)

आता हेच मराठीत करून बघा. शाळेच्या तक्त्यात 'ळ' शेवटी, 'ह'नंतर. युनिकोडमध्ये तो 'ल'च्या लगेच पुढे. म्हणजे 'वागळे'चे गुण तक्ता बदलला की बदलणार. 'क्ष' आपल्याला एक अक्षर दिसतं, प्रोग्रॅमला तीन चिन्हं: क, हलन्त, ष. मात्रांचं काय करायचं, तेही आधी ठरवावं लागतं.

आपल्याकडे कटपयादी पद्धत होती. तिथे नियम स्पष्ट असत: जोडाक्षरात शेवटचं व्यंजन मोजायचं, अंक उलटे वाचायचे. 'जय'मध्ये ज ८, य १, म्हणून १८, महाभारताची पर्वं. तिथे शब्द आकडा लक्षात ठेवण्यासाठी वापरत. कोण किती मोलाचा, हे त्यावरून ठरवत नसत.

प्रोग्रॅमच्या छापील प्रती दाराशी ठेवल्या आहेत. पुढच्या ट्रेनिंगला जाताना एक खिशात असू द्या.