रिकाम्या जेलचं काय झालं?

आमच्या धारूरकडे गुडघा सुजला की निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्याने बांधतात. ऊसतोडीवरून परतलेल्या घरांत तर हा उपाय हमखास. त्यामुळे ‘निर्गुडीचं दाहशामक जेल’ असं शीर्षक दिसलं की मी पेपर लगेच उघडते. आणि बहुतेक वेळा चिडून बंद करते.

तक्रार निर्गुडीबद्दल नाही. तिच्यातलं कॅस्टिसिन हे फ्लॅव्होनॉइड साधारण ३७४ डाल्टनचं आहे. त्वचेतून जाऊ शकणाऱ्या रेणूंसाठी ५०० डाल्टनची ढोबळ मर्यादा बॉस आणि मायनार्डी यांनी २००० साली मांडली, तिच्यात ते बसतं. म्हणजे कल्पना वेडगळ नाही.

गडबड पुढे आहे. साचा ठरलेला: पाल्याचा अर्क, कार्बोपॉल, वर ट्रायइथॅनॉलअमाइन. मग रंग, पीएच, घट्टपणा, जेल किती पसरतं याचे तक्तेच्या तक्ते. अहो, यावरून जेल नीट जमलंय एवढंच कळतं. औषध आत गेलं का? ‘ड्रग रिलीज’चा आलेख पुष्कळदा डायलिसिस मेम्ब्रेनवरचा असतो. ते मेम्ब्रेन म्हणजे चाळणी, आणि त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेदाने लिंपलेली भिंत. फ्रांझ सेलमध्ये निदान डुकराच्या कानाची कातडी तरी लावा की! अर्कात कॅस्टिसिन किती होतं, हेही अनेकदा मोजलेलं नसतं.

शेवटी उंदराचा पंजा. त्यात कॅरॅजीनन टोचायचं आणि काही तासांत येणारी सूज मोजायची, ही १९६२ पासूनची पद्धत. चाचणी म्हणून ठीक आहे. पण जेल बऱ्याचदा टोचण्याआधीच लावलेलं असतं, उंदराची कातडी माणसापेक्षा जास्त झिरपू देते, आणि ऊसतोड बाईचा गुडघा काही आज सकाळी सुजलेला नसतो.

मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. अर्क न घातलेल्या, रिकाम्या जेलचा गट कुठाय? २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात, मुख्यतः गुडघ्याच्या संधिवातात, डायक्लोफेनॅक किंवा किटोप्रोफेन वरून लावणाऱ्या सुमारे ६० टक्के लोकांना चांगला आराम पडला. औषध नसलेलं तेच लावणाऱ्यांना? सुमारे ५० टक्के. चोळणं, गारवा, काळाबरोबर उतरणारं दुखणं, सगळं त्यात आलं. मग फक्त ‘काहीच न लावलेल्या’ उंदरांशी तुलना करून श्रेय निर्गुडीला कसं द्यायचं? असल्या आकड्यावर ट्यूब बाजारात आली, तर मजुरीतले पैसे त्या बाईचे जातात. फुकटचा पाला होताच की दारात.

माझ्याही एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये रिकाम्या जेलचा गट नव्हता. कुणी विचारलंही नाही. आता पीएच.डी.च्या आराखड्यात तो घातलाय, डायक्लोफेनॅक जेलचा गटही. उंदीर वाढले, म्हणून प्राणी आचार समितीच्या अर्जात कारण नव्याने लिहायचंय. या आठवड्यात तेच काम.