‘ताण’ की ‘बाधा’? : गहू, जड धातू व संजीवके यांच्या परिभाषेविषयी

वनस्पतिशास्त्रविषयक मराठी लेखनात ‘जड धातूंचा ताण’ व ‘संजीवकांद्वारे गव्हाचे संरक्षण’ अशी शब्दयोजना आढळते. शब्द सुबोध आहेत. तथापि ज्या वस्तूंचा ते निर्देश करतात त्यांच्याशी त्यांचा मेळ बसतो काय, हे तपासणे अवश्य आहे.

‘ताण’ हा शब्द नागपूरच्या भूमीत नवा नव्हे. संत्र्याचा बागाईतदार आंबिया वा मृग बहारासाठी बाग ताणावर सोडतो आणि योग्य वेळी पाणी देऊन ताण तोडतो. हा ताण हेतुपूर्वक दिलेला, मर्यादित व फलदायी असतो. कॅडमियमचे तसे नाही. सदरहून मानकापूरमार्गे कोराडीस जाणाऱ्यास औष्णिक वीजकेंद्राची धुरांडी दिसतात. दगडी कोळशाच्या राखेत जड धातूंचा अंश असतो. तो मातीत मिसळला की पाणी दिल्याने ‘तुटत’ नाही, कारण धातूचे विघटनच होत नाही. येथे ‘विषबाधा’ या शब्दाच्या धर्तीवर ‘धातुबाधा’ म्हणणे अधिक यथार्थ होय.

‘संजीवक’ हा शब्दही असाच विचारार्ह आहे. जिबरेलिनचा शोध मुळात भाताच्या एका रोगातून लागला. रोपे अवास्तव उंच करून दुर्बल करणारे द्रव्य बुरशीतून स्रवते, हे कुरोसावा यांनी १९२६ साली दाखविले. ॲब्सिसिक आम्ल तर बहुधा वाढ रोखते. म्हणून ‘वाढनियामक’ हाच निःपक्ष शब्द ठरतो.

सर्वांत मोठा प्रश्न ‘संरक्षण’ या शब्दाचा आहे. सॅलिसिलिक आम्लात बी भिजविल्याने किंवा ब्रासिनोस्टेरॉइड दिल्याने कॅडमियमयुक्त माध्यमातील गव्हाची मुळे, हरितद्रव्य व कॅटलेजसारखी विकरे सुधारल्याचे प्रयोगांत दिसते. परंतु असे पुष्कळसे प्रयोग कुंडीतील वा पोषक द्रावणातील कोवळ्या रोपांवरचे आहेत. कोडेक्सने गव्हातील कॅडमियमची मर्यादा किलोस ०.२ मिलिग्रॅम ठरविली आहे, ती दाण्यासाठी. धातुशोषण घटल्याचे दाखविणारे प्रयोग निश्चितच मोलाचे आहेत. पण ऑक्सिन व जिबरेलिन यांचाच उपयोग वनस्पतींकरवी माती शुद्ध करताना धातुशोषण वाढविण्यासाठीही केला गेला आहे. रोप तगले म्हणून पोळी निर्दोष झाली, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

अतएव संरक्षण कोणाचे, रोपाचे की खाणाऱ्याचे, हे प्रबंधाच्या शीर्षकातच स्पष्ट व्हावयास हवे. परिभाषेतील ही संदिग्धता केवळ शब्दांपुरती राहत नाही. ती अन्नाबरोबर ताटात येते.