‘नातीगोती’ : भार कोणाच्या खांद्यावर?

बुद्धीने अपरिणत राहिलेल्या मुलाच्या संगोपनाचा प्रश्न रंगभूमीवर प्रत्ययकारी रीतीने मांडणारी कृती म्हणून जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांच्या ‘नातीगोती’चा निर्देश होतो, आणि तो यथार्थ आहे. शरीराने वाढलेला व मनाने बालकच राहिलेला बच्चू आणि त्याचे आईवडील यांच्याभोवती हे नाटक फिरते. (त्या काळी रूढ असलेला ‘मतिमंद’ हा शब्द आता मागे पडून ‘बौद्धिक अक्षमता’ ही संज्ञा स्थिरावली आहे.) बच्चूच्या भूमिकेत अतुल परचुरे होते, तर वडिलांची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली होती. दळवींनी मुलाला निव्वळ करुणेचा विषय केले नाही. त्यांची दृष्टी खिळली आहे ती आईवडिलांच्या थकव्यावर. प्रेम असूनही माणूस थकतो, आणि थकल्याची त्याला लाज वाटते, हे येथे निःसंकोचपणे सांगितले आहे. हा या नाटकाचा मोठाच विशेष होय.

तथापि शीर्षकातून सुचणारा नात्यांचा गोतावळा भार उचलण्यास पुढे येत नाही. भार राहतो तो शहरातील दोघांच्याच खांद्यांवर. या मर्यादेची जाणीव पाथर्डी तालुक्यातील तिसगावसारख्या गावी अधिक तीव्रतेने होते. या तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीस निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या अंगमेहनतीतून फिटावयाची असते. अशा घरी बच्चूसारखा मुलगा असला, तर त्याला एकतर फडावरील कोपीत न्यावे लागते, नाहीतर आजीजवळ ठेवावे लागते. ‘आपल्यामागे याचे कसे होणार?’ हा मध्यमवर्गीय आईबापांचा प्रश्न मृत्यूनंतरचा असतो. येथे तो प्रत्येक हंगामाला उभा राहतो.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने अशा व्यक्तींना स्वतःच्या कुटुंबात राहता यावे, हे उद्दिष्ट मानले आहे. पालकत्वासाठी आईवडिलांप्रमाणेच नातेवाइकांनाही स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. म्हणजे नाटकाने दूर ठेवलेल्या नातलगांना कायद्याने जागा दिली आहे. परंतु कुटुंबाच्या सहभागाची चर्चा करताना आपण बहुधा पालकसभेला येऊ शकणाऱ्या आईवडिलांचेच चित्र डोळ्यांपुढे ठेवतो. ती सभा माघ महिन्यात असेल, तर तिसगावच्या आईवडिलांची पाठ त्या वेळी उसाच्या मोळीखाली वाकलेली असते. मुलाला कोणत्या गोष्टीचे भय वाटते व तो कशाने शांत होतो, हे त्या दिवसांत ठाऊक असते ते आजीला. तिला सभेचे बोलावणे जात नाही.

हा दोष दळवींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपल्या परिचयाचे जग प्रामाणिकपणे रंगविले. दोष आहे तो त्या एका घराला सर्व घरांचे प्रतिनिधित्व देणाऱ्या वाचनाचा. आणि समाजकार्याच्या वर्गात हे नाटक अभ्यासास घेताना त्या आजीचा प्रवेश कोठे बसतो, हे विद्यार्थ्यांना विचारावयास हवे.