बाष्पकुपीची उपेक्षा

प्रकाशीय चुंबकत्वमापकांवरील लेखनात एक उणीव वारंवार जाणवते. लेझरचा स्थिरपणा, चुंबकीय कवचे, विद्युत्‌मंडले यांचे वर्णन पानोपानी आढळते. परंतु ज्या काचेच्या कुपीत मोजमाप प्रत्यक्ष घडते, तिची बोळवण एखाद्या वाक्यात होते. वस्तुतः अचूकतेची मर्यादा पुष्कळदा या कुपीतच ठरलेली असते.

कास्लर यांनी १९५० साली मांडलेल्या प्रकाशीय पंपनाच्या कल्पनेनुसार अल्कली धातूच्या अणूंची परिवलने प्रकाशाच्या साहाय्याने एका दिशेस आणता येतात. मग ती चुंबकीय क्षेत्राभोवती भोवऱ्याप्रमाणे डुलत फिरतात; सिझियमच्या बाबतीत या फिरण्याची कंप्रता दर नॅनोटेस्लास सुमारे ३.५ हर्ट्‌झने वाढते. ही शिस्त जितकी अधिक काळ टिकेल तितके मापन सूक्ष्म. काही सेंटिमीटरच्या कुपीत मात्र अणू सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास भिंतीवर आदळतो, आणि भिंत उघड्या काचेची असेल तर सारे तेथेच संपते.

यावर उपाय दोन: भिंतीस पॅराफिनसारखा लेप देणे, अथवा कुपीत निऑन, हेलियम, नायट्रोजन असा बफर वायू भरून अणूचा भिंतीकडील प्रवास लांबविणे. लेपाच्या बाबतीत तक्रारीस जागा थोडी. बुशिया व ब्रोसेल यांच्या १९६६ च्या निबंधात भिंत हाच अभ्यासविषय आहे. २०१० मध्ये बालाबास व सहकाऱ्यांनी अल्कीन वर्गातील लेपावर सुमारे दहा लक्ष आघातांपर्यंत परिवलन टिकल्याचे दाखविले, तेही लेपाचा पुरता विचार करूनच.

वायूच्या कुपीसंबंधी मात्र ‘अमुक टॉर नायट्रोजन’ एवढ्यावरच भागविले जाते. कोणत्या तापमानास? कुपीची मान ज्योतीवर मऊ करून ओढून मिटवितात. आतील दाब वातावरणाहून कमी असला तरच बाहेरील हवा काच आत लोटते. अधिक असल्यास मऊ काच फुग्यासारखी फुगते. म्हणून जास्त वायू हवा असता कुपी द्रव नायट्रोजनमध्ये गार ठेवूनच मिटवावी लागते. अशा वेळी तापमान न सांगता दिलेला दाब हा केवळ आकडा होय. द्यावयास हवी ती घनता. ज्या विद्यार्थ्यास तीच कुपी पुन्हा घडवावयाची आहे, त्याचे महिने अशा एका गाळलेल्या शब्दापायी खर्ची पडतात.

तीच गत निर्वातात कुपी तापविण्याची. काचेस चिकटलेले पाणी पुरते निघाले नाही तर रुबिडियम त्याच्याशी संयोग पावून मलिन होते. तरी तापविण्याचे तास क्वचितच नोंदलेले असतात.

दोन्ही प्रकारांची तुलनाही बहुधा केवळ सूक्ष्मग्राहकतेवरून होते. लेपाच्या कुपीत अणू सर्वत्र हिंडून क्षेत्रातील असमानतेची सरासरी काढतो. वायूत तो जवळजवळ जागीच अडकतो. क्षेत्र जागोजाग बदलत असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय हेलियम तापलेल्या बोरोसिलिकेट काचेतून हळूहळू झिरपते. अल्युमिनोसिलिकेट काच त्यास पुष्कळ अधिक रोखते. काचेचा प्रकार व कुपीचे वय न सांगता नोंदलेला हेलियमचा दाब कुपी भरली त्या दिवसापुरताच खरा असतो.