कर आधी, नियमन मागाहून : ऑनलाइन पैजेच्या भारतीय धोरणाची चिकित्सा

प्रस्तावना :
ऑनलाइन पैज व पैशांच्या खेळांविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा ‘कर किती टक्के?’ या प्रश्नापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. वस्तुतः करआकारणी व नियमन ही शासनाची दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्याने तिजोरीत महसूल येतो, तर दुसऱ्याने खेळणाऱ्याचे रक्षण होते. भारतात पहिले कार्य तत्परतेने पार पडले, दुसरे मात्र कागदावरच राहिले, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

अधिकारांची फारकत :
‘पैज व जुगार’ हा विषय राज्यसूचीच्या 34 व्या नोंदीत येतो. त्यावरील कराचा अधिकारही पूर्वी 62 व्या नोंदीने राज्यांकडेच होता. 2016 च्या 101 व्या घटनादुरुस्तीने 62 वी नोंद बदलली आणि हा कर वस्तू व सेवा कराच्या चौकटीत गेला. 34 वी नोंद मात्र तशीच राहिली. परिणामी कराचा दर परिषदेत ठरू लागला व नियंत्रण राज्यांच्या जुन्या कायद्यांवर विसंबून राहिले. महाराष्ट्रातील जुगारबंदीचा मूळ कायदा 1887 सालचा आहे, ही बाब येथे पुरेशी बोलकी आहे.

2023 चा अनुभव :
एप्रिल 2023 मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती होऊन ऑनलाइन खेळांसाठी स्वनियामक संस्थांची तरतूद झाली. परंतु अशी एकही संस्था प्रत्यक्षात अधिसूचित झाली नाही. याउलट, 1 ऑक्टोबर 2023 पासून खेळाडूने जमा केलेल्या संपूर्ण रकमेवर 28 टक्के कर लागूही झाला. त्यापूर्वी कौशल्याच्या खेळांच्या कंपन्या केवळ आपल्या सेवाशुल्कावर 18 टक्के कर भरीत. समजा, 100 रुपयांच्या जमेवर कंपनीचे शुल्क 10 रुपये आहे. जुन्या रीतीने कर 1.80 रुपये होई. नव्या रीतीने तो 28 रुपये, म्हणजे कंपनीच्या शुल्काच्या जवळजवळ तिप्पट झाला. एवढा कर घेणाऱ्या व्यवस्थेने खेळाडूच्या नुकसानीवर कोणतीही देशव्यापी मर्यादा मात्र घातली नाही.

ब्रिटनशी तुलना :
ब्रिटनने 2014 मध्ये ग्राहक जेथे राहतो तेथे कर, हे तत्त्व स्वीकारले. 1 डिसेंबर 2014 पासून परदेशस्थ कंपन्यांनाही ब्रिटिश ग्राहकांकडून मिळणाऱ्या निव्वळ उत्पन्नावर, म्हणजे पैजेच्या रकमेतून बक्षिसे वजा जाता उरलेल्या रकमेवर, 15 टक्के कर लागू झाला. त्याच वर्षी अशा कंपन्यांना ब्रिटिश परवाना बंधनकारक झाला. पुढे एप्रिल 2020 मध्ये क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यास बंदी आली. तेथील व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. परंतु कर व परवाना तेथे एकमेकांच्या हाती हात घालून आले.

निष्कर्ष :
ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि पुढच्याच महिन्यात, 22 सप्टेंबरपासून, त्यांवरील कराचा दर 40 टक्के झाला. ज्या व्यवहारास निषिद्ध ठरवायचे त्याचाच दर वाढवायचा, ही विसंगती धोरणातील मूळ उणिवेकडे निर्देश करते. बंदीमुळे परदेशस्थ संकेतस्थळांकडे वळणारा खेळाडू करकक्षेबाहेर तर जातोच, शिवाय तक्रारीच्या कक्षेबाहेरही जातो. म्हणून बंदी असो वा परवाना, खेळणाऱ्याच्या हानीची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कायद्याने प्रथम द्यावयास हवे. कराचा दर हा त्यानंतरचा प्रश्न होय.